ड्वार्फ सिक्लिड आणि त्यांचे सोबती मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या टँकमध्ये ड्वार्फ सिक्लिड ठेवू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. तुम्हाला हवा तोच प्रश्न उघडून वाचलात तरी चालेल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ड्वार्फ सिक्लिड म्हणजे नेमके कोणते मासे?

सिक्लिड हे माशांचं एक फार मोठं कुळ आहे. ऑस्कर, एंजल, डिस्कस हे सगळे त्यातलेच. या कुळातल्या ज्या जाती पूर्ण वाढल्यावरही साधारण १० सेंटिमीटरच्या आत राहतात, त्यांना पाळणारे ड्वार्फ म्हणतात. शास्त्रीय वर्गीकरणात असा वेगळा गट नाही, ही सोयीसाठी केलेली विभागणी आहे. दक्षिण अमेरिकेतले राम (म्हणजेच निळा राम), बोलिव्हियन राम, अ‍ॅपिस्टोग्रामाच्या अनेक जाती, लेटाकारा, नानाकारा. पश्चिम आफ्रिकेतले क्रिबेन्सिस आणि थॉमसी. टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे लॅम्प्रोलोगस हे त्यातले नेहमी दिसणारे.

अंगाने लहान असले तरी स्वभावाने हे पुरते सिक्लिड आहेत. हद्द आखतात, जोडीदार निवडतात, अंड्यांवर पहारा देतात, पिल्लांना घेऊन फिरतात. मादी पोटावरचे पंख झटकून पिल्लांना खुणावते आणि सगळा थवा क्षणात तळाला बसतो, हे दोन फुटी टँकमध्ये डोळ्यांसमोर घडतं. यांना पाळण्याचं कारण तेच, आणि सोबती निवडताना होणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळही तेच.

२. पहिल्यांदाच घेतोय. कोणत्या जातीपासून सुरुवात करू?

बोलिव्हियन राम किंवा अ‍ॅपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस. दोघांनाही पाण्यातला थोडाफार फरक सोसतो, दोघेही पटकन खायला लागतात, आणि वागणं बघण्यासारखं असतं. बोलिव्हियन रामचा रंग छायाचित्रात फिका वाटतो, पण रुळलेला नर शेपटीचे लांब धागे पसरून फिरू लागला की मत बदलतं. हीटर न वापरता किंवा कमी तापमानात ठेवायचं असेल तर अ‍ॅपिस्टोग्रामा बोरेली बघा. तो पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला असल्यामुळे २० ते २५ अंशांत मजेत राहतो.

क्रिबेन्सिसही काटक आहे आणि टँकमध्ये अगदी सहज पिल्लं काढतो. पण हाच सहजपणा इतर माशांना महाग पडतो (प्रश्न १६).

३. मग निळा राम का नाही? सगळीकडे तोच दिसतो आणि सर्वांत देखणाही तोच आहे.

देखणा आहेच. पण हा मासा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ल्यानोस नावाच्या गवताळ मैदानांतल्या उथळ, उबदार, मऊ पाण्यातला आहे. १९४८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि मॅन्युएल रामिरेझ या संग्राहकावरून त्याला रामिरेझी हे नाव मिळालं. त्याला २७ ते ३० अंश तापमान लागतं. २४ अंशांत तो लगेच मरत नाही. मलूल होतो, खाणं कमी करतो आणि काही आठवड्यांत आजारी पडतो. मग लोकांना वाटतं की मासाच नाजूक होता.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजारातले बहुतेक राम पिढ्यान् पिढ्या फार्मवर वाढवलेले असतात. इलेक्ट्रिक ब्लू, गोल्ड, फुग्यासारख्या आकाराचे बलून हे सगळे निवडीतून तयार केलेले प्रकार आहेत. बलून प्रकारात कण्याचं आणि पोटाचं व्यंगच जोपासलेलं असतं, म्हणून तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. साधा निळा राम घ्यायचा असेल तर काही महिने जुना, मुरलेला टँक, खात्रीचा हीटर आणि नियमित पाणी बदलणं एवढी तयारी असू द्या. ती असेल तर पहिला सिक्लिड म्हणूनही राम जगतो.

४. माझ्याकडचं पाणी जड आहे, पीएच ८ च्या आसपास असतो. काय करता येईल?

आधी जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (पीएच स्थिर धरून ठेवणारा कार्बोनेट जडपणा) मोजा. टीडीएसचा आकडा एकूण विरघळलेले क्षार सांगतो, ते कोणते आहेत हे सांगत नाही. पीएचवरूनही पाणी किती जड आहे ते नक्की कळत नाही.

पाणी खरंच जड असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या पाण्यात आनंदाने राहणारा मासा घेणं. टांगानिका सरोवरातला निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडांपैकी आहे. नर जेमतेम साडेचार सेंटिमीटर, मादी त्याहून लहान. बारीक वाळू आणि रिकामे शंख दिले की साठ सेंटिमीटरच्या टँकमध्ये त्यांची अख्खी वसाहत उभी राहते. प्रत्येकजण आपल्या शंखाभोवतीची वाळू उपसून आपली जागा तयार करतो. मऊ पाण्याच्या माशासाठी पाण्याशी झगडत बसण्यापेक्षा हा अनुभव कितीतरी जास्त समाधान देतो.

पाणी मध्यम जड असेल तर क्रिबेन्सिस, बोलिव्हियन राम आणि फार्मवर वाढलेला काकाटुऑइडिस जुळवून घेतात. जगण्यापुरतं त्यांना ते चालतं, पण काही जातींची अंडी जड पाण्यात उबत नाहीत. पिल्लं हवी असतील किंवा निळा राम, अगासिझी (अ‍ॅपिस्टोग्रामाचीच एक जात) असे मऊ पाण्याचे मासे हवे असतील तर नळाच्या पाण्यात आरओचं पाणी ठरावीक प्रमाणात मिसळा आणि दर वेळी तेच प्रमाण ठेवा.

पीएच उतरवणारी रसायनं मात्र टाळा. केएच जास्त असेल तर आज उतरलेला पीएच उद्या पुन्हा वर जातो. असं खालीवर होणं माशाला स्थिर ८ पेक्षा जास्त जाचक असतं. ड्रिफ्टवूड आणि देशी बदामाची वाळलेली पानं उपयोगी आहेत, पण त्यांचा पीएचवर परिणाम दिसतो तो केएच कमी असेल तेव्हाच.

५. टँक केवढा हवा? माझा उंच आहे, चालेल का?

किती लिटर यापेक्षा तळ किती लांब-रुंद आहे ते बघा, कारण हे मासे हद्द तळावर आखतात. एका जोडीसाठी ६० × ३० सेंटिमीटरचा तळ किमान समजा. ३० सेंटिमीटर पाणी भरलं तर ते ५४ लिटर होतं. जोडीबरोबर तळाला वावरणारे सोबती हवे असतील किंवा एका नरासोबत दोन-तीन माद्या ठेवायच्या असतील तर ९० × ४५ च्या आसपास जा. उंच आणि अरुंद टँकमध्ये लिटर भरपूर दिसतात, पण ते पाणी या माशांच्या फारसं उपयोगाला येत नाही.

६. टँक सायकल झाला आहे. लगेच मासे सोडू का?

सायकल होणं म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या खाली असेल तर काकाटुऑइडिस, बोलिव्हियन राम आणि क्रिबेन्सिस सोडायला हरकत नाही. रामसाठी आणखी दोन-तीन महिने थांबा. दरम्यान टेट्रा आधी आणा. वर निर्धास्त पोहणारा थवा बघूनच सिक्लिडला आजूबाजूला धोका नाही असं वाटतं आणि तो लपून न बसता बाहेर फिरतो.

७. तळाला काय घालायचं? गुहा किती हव्यात?

बारीक, गोलसर वाळू. अ‍ॅपिस्टोग्रामा आणि राम तोंडभर वाळू घेतात, त्यातलं खाणं वेचतात आणि बाकीची कल्ल्यांतून बाहेर सोडतात. खडी असेल तर त्यांना हे करताच येत नाही आणि टोकदार खडीने तोंड दुखावतं.

अ‍ॅपिस्टोग्रामा आणि क्रिबेन्सिस गुहेच्या छताला अंडी चिकटवतात. म्हणून प्रत्येक मादीमागे निदान दोन गुहा ठेवा, म्हणजे तिला निवड करता येते. गुहेचं तोंड मादी जेमतेम आत शिरेल एवढंच असावं. नारळाची अर्धी करवंटी कडेला खाच पाडून पालथी घातली की काम भागतं. रामला गुहा नको, त्याला सपाट दगड किंवा रुंद पान लागतं.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आडोसा. एका टोकाला असलेल्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा थेट दिसता कामा नये. लाकूड, झाडांचे दाट झुपके आणि दगड असे मांडा की तळाचे तीन-चार कप्पे पडतील. जो दिसत नाही त्याच्यामागे कोणी धावत नाही. तळावर पसरलेली वाळकी पानंही हेच काम करतात, शिवाय त्यांवर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लांचं पहिलं खाणं ठरतात.

८. नर-मादी कसे ओळखायचे? विकणारा म्हणतो जोडी आहे.

जोडी म्हणून विकलेले दोन मासे अनेकदा फक्त एक नर आणि एक मादी असतात, आणि कधीकधी तेही नसतात. एकमेकांना निवडलेली जोडी ही वेगळी गोष्ट. राम, बोलिव्हियन राम आणि क्रिबेन्सिसमध्ये निवड महत्त्वाची असते, म्हणून शक्य असेल तर पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवा आणि जोडी जमली की बाकीचे दुसऱ्याला द्या.

राम मादीचं पोट गुलाबी-जांभळट असतं आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकते खवले दिसतात. नराचा ठिपका जास्त काळा आणि पाठीच्या पंखाचे पुढचे काटे लांब. फार्मवरच्या माशांत या खुणा पुसट झाल्या आहेत, इलेक्ट्रिक ब्लूमध्ये तर काळा ठिपकाच नसतो. तिथे पोटाच्या गुलाबी रंगावर भिस्त. क्रिबेन्सिसची मादी आखूड, गुबगुबीत आणि चेरीसारख्या लाल पोटाची असते. नर लांबट, पंखांची टोकं निमुळती. काकाटुऑइडिसचा नर जवळजवळ दुप्पट मोठा होतो, पाठीवर उभे धागे येतात आणि शेपटीत केशरी-लाल रंग भरतो. मादी लहान असते आणि अंडी घालायच्या वेळी पिवळीधमक होते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. अ‍ॅपिस्टोग्रामामधला दबलेला तरुण नर मादीसारखाच दिसतो आणि वागतो. मोठा नर बाजूला केला की हाच काही आठवड्यांत वाढून रंग दाखवू लागतो. दुकानातल्या टाकीतली सर्वांत लहान “मादी” घेताना हे ध्यानात असू द्या.

९. एका नरामागे किती माद्या ठेवू?

राम, बोलिव्हियन राम, क्रिबेन्सिस: एकास एक. काकाटुऑइडिस आणि अगासिझी: जागा असेल तर एकास दोन-तीन. निसर्गात या नरांच्या मोठ्या हद्दीत अनेक माद्या आपापल्या छोट्या जागा धरून राहतात. पण हे वाचून दोन फुटी टँकमध्ये तीन माद्या सोडल्या जातात आणि महिन्याभरात एकच उरते, कारण माद्या एकमेकींना जागा देत नाहीत. प्रत्येक मादीला स्वतःची गुहा आणि तिच्याभोवती साधारण ३० सेंटिमीटरचा तळ मिळत नसेल तर एकच मादी ठेवा.

१०. सोबती मासे निवडताना आधी काय बघायचं?

सिक्लिड आधी ठरवा आणि बाकी सगळं त्याच्या मागून. बहुतेक जण उलट करतात: आधीच भरलेल्या टँकमध्ये “एक जोडी बसेल का” असं विचारतात.

पहिली चाळणी तापमानाची. २८ अंशांच्या रामबरोबर २३ अंशांचा मासा ठेवला की दोघांपैकी एक कायम त्रासात राहतो, मधलं २५ ठेवलं तर दोघेही. दुसरी चाळणी पाण्याच्या थराची, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक हीच. ड्वार्फ सिक्लिडचा तळ ड्वार्फ सिक्लिडलाच द्या. सोबती मधल्या आणि वरच्या थरात वावरणारे निवडलेत तर भांडणाचं कारणच उरत नाही. तिसरी गोष्ट वेग आणि स्वभाव. अ‍ॅपिस्टोग्रामा खाताना दमाने घेतात, घास तोंडात घोळवतात. सुसाट धावणारे मासे सोबत असले तर यांच्या वाट्याला काही उरत नाही. चौथी गोष्ट तोंडाचा आकार: सिक्लिडच्या तोंडात मावेल असा सोबती नको, आणि पिल्लं वाढवायची असतील तर पिल्लं गिळेल असाही नको.

या चाळण्यांतून जे उरतात त्यात रामसाठी कार्डिनल टेट्रा आणि रमीनोज टेट्रा, अ‍ॅपिस्टोग्रामासाठी एम्बर टेट्रा आणि पेन्सिलफिश हे मला सर्वांत पसंत आहेत. पेन्सिलफिश वरच्या थरात शांतपणे तरंगतात आणि तोंड इवलंसं, म्हणून पिल्लांना त्यांचा धोका कमी. हॅचेटफिश अगदी पृष्ठभागालगत राहतात, पण टँकला घट्ट झाकण हवं. ते उडी मारतात. थव्याचे मासे आठ-दहाच्या संख्येत घ्या. दोन-तीन असतील तर ते स्वतःच घाबरलेले राहतात आणि त्यांच्यामुळे सिक्लिडही.

११. निऑन टेट्रा आणि राम एकत्र चालतील का?

नको. निऑनला २० ते २५ अंश बरे, रामला २७ च्या वर. कार्डिनल टेट्रा दिसायला निऑनच्या जवळचा, लाल पट्टा मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग, आणि त्याला उबदार पाणी मानवतं. रामबरोबर कार्डिनल ठेवा. बोरेलीबरोबर निऑन उत्तम जुळतो.

१२. कोरिडोरास ठेवू का? कोणी हो म्हणतं, कोणी नको.

दोघंही आपापल्या अनुभवाने खरं बोलतात. फरक पडतो तो जोडी अंडी घालते की नाही यावर.

एरवी कोरिडोरास सगळ्यांत निरुपद्रवी मासा. पण त्याला हद्द ही गोष्ट कळत नाही. सिक्लिड कल्ले फुगवून, अंग आडवं धरून इशारा देतो तेव्हा दुसरा सिक्लिड किंवा टेट्रा मागे हटतो. कोरिडोरास वाळू हुंगत सरळ अंड्यांपाशी जातो, टोचला की क्षणभर बाजूला होतो आणि पुन्हा तिथेच येतो. अशा वेळी त्याचे पंख फाटतात, डोळ्यांना इजा होते. त्याच्या बाजूने अंड्यांना धोका असतोच. अंधारात सिक्लिडला दिसत नाही, कोरिडोरासला मात्र मिशांनी वास काढत अंडी सापडतात.

म्हणून ६० सेंटिमीटरच्या टँकमध्ये अंडी घालणारी जोडी असेल तर कोरिडोरास नकोत. ९० किंवा त्याहून लांब टँकमध्ये, तळाचे कप्पे नीट पाडलेले असतील तर जमतं. रामबरोबर स्टर्बाय कोरिडोरास घ्या, तो २८ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. पेपर्ड कोरिडोरास थंड पाण्याचा, तो बोरेलीबरोबर शोभतो. क्रिबेन्सिसबरोबर कुठलाही कोरिडोरास ठेवू नका, असं मी टँकचा आकार न विचारताच सांगते.

१३. एंजल, गप्पी, गोरामी, टायगर बार्ब, गोल्डफिश, बेटा यांच्यापैकी कोण चालेल?

टायगर बार्ब नाही, तो पंख कुरतडतो. गोल्डफिश नाही, त्याला थंड पाणी लागतं. गप्पीला जड पाणी हवं आणि त्याची लांब शेपटी क्रिबेन्सिसला स्वस्थ बसू देत नाही. मऊ पाण्याच्या सिक्लिडबरोबर तर तो मुळातच बसत नाही. बेटा संथ, लांब पंखांचा आणि स्वतःही हद्द धरणारा, म्हणून नको. ड्वार्फ गोरामीचे नर तापट निघू शकतात. पर्ल गोरामीची एक जोडी मात्र मोठ्या टँकमध्ये वरच्या थरात शांत राहते. एंजल स्वतः सिक्लिड आहे, मोठा होतो आणि लहान टेट्रा गिळतो. १२० सेंटिमीटरच्या उंच टँकमध्ये एंजलची एखादी जोडी आणि तळाला बोलिव्हियन राम ही मांडणी जमते, पण एंजलने अंडी घातली की त्यांचा दरारा सगळ्या टँकभर असतो.

डिस्कसबद्दल कमी विचारलं जातं, पण राम आणि डिस्कस यांचं तापमान आणि पाणी छान जुळतं.

१४. श्रिंप आणि गोगलगायी?

चेरी श्रिंपची पिल्लं खाल्ली जातील, मोठे श्रिंपही हळूहळू कमी होतील. शेवाळाचे दाट गुंते असतील तर काही टिकतात. श्रिंपची पैदास हीच आवड असेल तर त्यांना वेगळा टँक द्या. नेराइट गोगलगायी चालतात. वाळूत राहणाऱ्या ट्रम्पेट गोगलगायी तर उपयोगीच, त्या वाळू खालीवर करत राहतात, मात्र रात्री अंड्यांवर जाऊ शकतात.

१५. दोन जातींचे ड्वार्फ सिक्लिड एकत्र ठेवता येतील का?

१२० सेंटिमीटरपेक्षा लहान टँकमध्ये एकच जात ठेवा. मोठा टँक असेल तर सवयी वेगळ्या असलेल्या जाती निवडा: एका टोकाला गुहेत अंडी घालणारा काकाटुऑइडिस, दुसऱ्या टोकाला उघड्यावर दगड निवडणारा बोलिव्हियन राम.

अ‍ॅपिस्टोग्रामाच्या दोन जाती मात्र मोठ्या टँकमध्येही एकत्र नकोत. जवळच्या जातींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की नीट ओळख पटत नाही, आणि संकर होतो. ती पिल्लं पुढे कोणाकडे तरी शुद्ध जात म्हणून पोहोचतात. पाळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जपलेल्या वंशांचं त्यात नुकसान आहे. टांगानिकाच्या माशांना मऊ पाण्याच्या माशांबरोबर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

१६. क्रिबेन्सिसच्या जोडीने पिल्लं काढली आणि आता बाकीचे सगळे मासे एका वरच्या कोपऱ्यात अडकलेत. काय करू?

जोडी तिचं काम चोख करते आहे. पिल्लं पोहायला लागली की दोघं मिळून त्यांना टँकभर फिरवतात, आणि पिल्लं जिथे जातील तिथे हद्द सरकत जाते. दोन फुटी टँकमध्ये मग इतरांना जागाच राहत नाही.

आजचा उपाय: टँकमध्ये जाळीचा किंवा काचेचा पडदा घालून जोडीला एक भाग द्या, किंवा इतर माशांना दुसरीकडे हलवा. जोडीला हलवलंत तर बहुधा पिल्लं हातची जातील. पिल्लं महिन्या-दीड महिन्याची झाली की आई-वडिलांचा राखणीचा जोर ओसरतो. पण लगेच पुढची अंडी पडतात, म्हणून हे चक्र कायमचं आहे असं धरून चला. क्रिबेन्सिसची जोडी आणि गजबजलेला टँक यांतून एकच निवडावं लागतं. दोन्ही हवं असेल तर एकच क्रिबेन्सिस ठेवा, किंवा लांब टँक घेऊन वरच्या थरात काँगो टेट्रासारखे चपळ, मोठे मासे ठेवा.

१७. अंडी घातल्यावर मादी नरालाच मारते आहे.

अ‍ॅपिस्टोग्रामामध्ये हे नैसर्गिक आहे. अंड्यांची राखण मादीची, नराचं काम बाहेरची हद्द सांभाळण्याचं. लहान टँकमध्ये त्याला दूर जायला जागाच नसते, आणि दुप्पट मोठा असूनही तो मार खातो. त्याचे पंख फाटत असतील, तो पृष्ठभागालगत किंवा हीटरमागे दडून असेल तर वेगळा काढा. मादी एकटी पिल्लं व्यवस्थित वाढवते. उलट नर मादीचा सतत पाठलाग करत असेल तर बहुधा ती अजून अंडी घालायला तयार नाही; आडोसा वाढवा, तरी थांबलं नाही तर काही दिवस पडदा घाला.

१८. दर वेळी अंडी खाल्ली जातात. दोष कोणाचा?

तरुण जोडीने पहिली दोन-तीन खेपेची अंडी खाणं अगदी सर्वसाधारण आहे. त्यापुढेही होत असेल तर आधी अंड्यांचा रंग बघा. पांढरी पडली असतील तर ती फळलीच नव्हती, किंवा पाणी जड आहे (प्रश्न ४), आणि आई-वडील मेलेली अंडी काढून टाकत आहेत. अंडी चांगली असून रात्रीतून गायब होत असतील तर तळाच्या माशांकडे बघा. ब्रिसलनोज प्लेकोही रात्री अंडी साफ करतो. रात्रभर अगदी मंद दिवा ठेवला तर जोडीला राखण करता येते.

अंडी साधारण दोन-तीन दिवसांत फुटतात, पिल्लं आठवड्याभरात पोहू लागतात. ताजी उबवलेली ब्राइन श्रिंप त्या दिवशी तयार असायला हवी, म्हणजे या बारीक कोळंबीसारख्या जिवाची अंडी आदल्या दिवशीच भिजवायला हवीत.

१९. चाळीसेक पिल्लं वाढवली, जवळजवळ सगळे नर निघाले. असं कसं?

तापमान. अ‍ॅपिस्टोग्रामाच्या बऱ्याच जातींत पिल्लाचं लिंग पहिल्या काही आठवड्यांत पाण्याच्या तापमानानुसार झुकतं. ऱ्योमर आणि बायझेनहेर्त्स यांनी १९९६ मध्ये या वंशाच्या अनेक जातींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३ अंशांना माद्या जास्त, २९ ला नर जास्त असा कल दिसतो. दोन्ही हवे असतील तर पहिला महिनाभर २६ च्या आसपास ठेवा. क्रिबेन्सिसमध्ये पीएचचा प्रभाव जाणवतो: आम्ल पाण्यात नर जास्त निघतात.

२०. नवा मासा खात नाही, विष्ठा पांढरी आणि दोरीसारखी आहे. औषध घालू?

एवढ्यावरून लगेच नको. उपाशी माशाची विष्ठाही पांढरी असते, आणि नवा सिक्लिड दोन-तीन दिवस खात नाही. आधी दिवा मंद करा, लपायला जागा द्या आणि जिवंत डॅफ्निया किंवा ब्राइन श्रिंप देऊन बघा. आठवडा झाला, पोट आत गेलं, रंग काळवंडला, तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या. त्यावर मेट्रोनिडॅझोल वापरतात. गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत. त्यावर लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल लागतं, प्राझिक्वांटेलने ते जात नाहीत. मात्रा औषधाच्या सूचनेनुसार किंवा माशांचं जाणणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच.

हे सगळं मुख्य टँकमध्ये करायची वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. स्पंज फिल्टर, हीटर आणि एक गुहा एवढं सामान पुरतं. सोबती माशांनाही हाच नियम. कॅमॅलॅनस सिक्लिडच्या टँकमध्ये येतो तो बहुतेकदा गप्पी किंवा मोलीबरोबर.

२१. एकटाच नर ठेवला तर त्याच्यावर अन्याय होतो का?

नाही. टेट्रांच्या थव्याखाली एकटा काकाटुऑइडिस नर रंगात राहतो, आपली हद्द फिरून बघतो, आणि अंडी नसल्याने कोणावर तुटून पडत नाही. शांत मिश्र टँक हवा असणाऱ्यांना मी हेच आधी सुचवते.

२२. जोडीतली मादी मेली. दुसरी आणून सोडली तर नर स्वीकारेल का?

आधी ती कशाने मेली ते बघा. आजाराने मेली असेल तर नर बरा आहे याची महिनाभर खात्री करून घ्या.

मग नवी मादी वेगळ्या टँकमध्ये ठेवून चांगली खाऊपिऊ घाला, अंगाने भरू द्या. सोडण्याच्या दिवशी नराला काही काळ बाहेर काढा, लाकूड, दगड, गुहा सगळ्यांच्या जागा बदला, आधी मादी सोडा आणि ती गुहा शोधून स्थिरावल्यावर दुसऱ्या दिवशी नर सोडा. आपली जुनी हद्द नाहीशी झाल्याने त्यालाही नव्याने सुरुवात करावी लागते. अ‍ॅपिस्टोग्रामा नर बहुतेकदा पटकन जुळवून घेतो. राम आणि क्रिबेन्सिसच्या बाबतीत खात्री देता येत नाही. तिथे पहिले काही दिवस जाळीच्या पडद्यापलीकडून एकमेकांना बघू द्या. पडद्याला समांतर पोहत दोघं अंग थरथरवू लागले तर पडदा काढा. नर पडद्यावर धडका देत राहिला तर ती मादी परत द्या आणि दुसरी बघा.